धावदोरा

आई, तू परत विचारलंस, रात्रभर काय बघत बसतेस
दोन नद्या मिळतात तिथल्या त्या वाटोळ्या इमारतीत.
शेजारच्या मादाम ब्यूइसाँना अजून वाटतं, तिथं बाँब करतात.

ऐक. तुझ्याच कामातलं आहे.

तू हातमोजे शिवायचीस. कोकराचं कातडं,
मेणातून ओढलेला दोरा, दातांनी तोडलेला.
एक शिवण वाकडी गेली तर कारखान्याचा माणूस
अख्खा डझन परत पाठवायचा.
पेशीलाही कातडं असतं, चरबीचं, दुपदरी.
त्यात एक धागा धावदोरा घालतो,
बाहेरून आत, आतून बाहेर,
सात वेळा.
मी जुन्या चादरीवर घालून पाहिलं:
सहा किंवा आठ वेळा सुई आरपार नेली
तर दोन्ही टोकं एकाच बाजूला लोंबतात.
सात वेळा नेली, तर एक बाहेर वाऱ्यावर
आणि एक आत, घरात.
त्यासाठीच सात का? वाउटरला विचारलं.
म्हणाला, ओदिल, इतक्या रात्री "का" नको.

वाउटर लायडनचा. थर्मासएवढ्या भांड्यात
चार वर्षांचं काम घेऊन आगगाडीनं आला.
केसाच्या जाडीहून लहान स्फटिक, नायट्रोजनमध्ये गोठलेले.
हा ग्राही एका जागी बसतच नाही म्हणे,
फोटोच्या वेळी चुळबुळणाऱ्या पोरासारखा.
शेवटी त्याच्या एका सैल वळणात
दुसऱ्याच प्रथिनाचं ठिगळ लावलं,
तेव्हा कुठे थांबला.
ठिगळ! तू असतीस तर हसली असतीस.

तीन वाजता कॉफी.
वाउटरनं कप स्फटिकांच्या भांड्याकडे उंचावला:
जे आपण पितोय तेच यांच्या खिशात बसलंय.
बसलंय, पण काही फिरवत नाही.
नुसतीच जागा अडवलेली,
आणि झोप दारात तिष्ठत उभी.

तुझी सकाळची अर्धी गोळीही तशीच,
दुसऱ्या खिशात, हृदयाच्या.
एरवी तिथं भीती येऊन बसते, ॲड्रेनलीन.
ती आत जात नाही, आई. हेच मला कळायला वेळ लागला.
ती वरच, बाहेरच्या बाजूला राहते
आणि खाली, आतल्या अंगाला, सहावा पीळ बाजूला सरकतो.
किती? केसाच्या जाडीचे पन्नास हजार भाग कर,
त्यातला एक.
मोज्यात बोट शेवटपर्यंत गेलं
की मनगटाशी कातडं ताणतं ना, तसं.
त्या फटीत आतलं जी-प्रथिन आपलं टोक घालतं,
मुठीतलं जुनं टाकून नवं उचलतं,
दुभंगतं, धावत सुटतं,
आणि छाती धडधडायला लागते.

धरणावरून माणूस आला होता ती संध्याकाळ आठवते?
मी टेबलाखाली बसून कातड्याचे तुकडे जुळवत होते.
तो आत आला नाही. टोपी हातात, उंबऱ्याबाहेर.
काय बोलला ते मला ऐकूही आलं नाही.
तुझा डावा खांदा तेवढा
एवढासा सरकलेला दिसला.

मग थोड्या वेळानं आतूनच कुणी तरी येतं,
धाग्याच्या शेपटाला खुणा करतं,
दुसरं त्यांवर येऊन बसतं: पुरे आता.
ते नसतं तर धडधड थांबलीच नसती.
तू शुक्रवारचा डझन शुक्रवारी दिलास.
मला तेव्हा तुझा राग आला होता.

पाच वाजत आले. पडद्यावर निळी जाळी उमटतेय,
क्रोशाच्या कामासारखी, सात पीळ,
पाच स्वच्छ, सातवाही बरा,
सहाव्याचं खालचं टोक धूसर.
बिघडलं का, मी विचारलं.
वाउटर चष्मा पुसत म्हणाला, नाही,
गोठवलं तरी तिथं थोडं हलत असणार.

येताना पाव आणते.
अर्धी गोळी बशीत काढून ठेवली आहे,
निळ्या, कड फुटलेल्या.